रायफलीसाठी साजूक तूप

आमच्या घरात बंदूक कधीच नव्हती. नवऱ्याच्या घराण्यात होती असं तो सांगतो, पण त्याच्या घराण्यात काय काय होतं ते ऐकत बसलं तर भाजी करपते. तरीही गेल्या वर्षापासून आमच्या घरातलं निम्मं साजूक तूप एका रायफलीला जातं, आणि ती रायफल आमची नाहीसुद्धा. ती आमच्या अरबाबांची आहे.

अरबाब म्हणजे आमचे स्थानिक भागीदार. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा चकली-चिवड्याचा छोटा कारखाना आहे. तो काढला तेव्हा इथल्या नागरिकाचं नाव कागदावर असल्याशिवाय आम्हाला धंदा करता येत नव्हता. ते नाव यांनी दिलं. इतरांचे अरबाब वर्षातून एकदा सहीपुरते उगवतात. आमचे दर शनिवारी सकाळी यायचे, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात बेसनाच्या पोत्यावर बसायचे आणि कढईतून निघालेली चकली फुंकर मारत खायचे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या बायकोनं महिनाभर आमच्याकडे डबा पाठवला होता. पुढे ती माउली गेली, मुलं नोकरीला अबू धाबीला गेली, पण यांचा शनिवार चुकला नाही.

मग कायदा बदलला. आता आमच्यासारख्यांना कंपनी पूर्णपणे स्वतःच्या नावावर करता येते. वकिलानं कागद केले, अरबाबांनी सही केली, "खलास" म्हणाले, हसले आणि गेले. पुढच्या शनिवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. नवऱ्यानं फोन केला तर म्हणाले, "अब उधर मेरा क्या काम?"

नवऱ्याला ते फार लागलं. मलाही फार वाईट वाटलं आणि मी ते चकलीवर काढलं. त्या आठवड्यातल्या चकल्या इतक्या तिखट झाल्या की एका दुकानदारानं परत पाठवल्या. आम्हाला कागद मोडायचा होता, माणूस नव्हता सोडायचा. पण इतक्या वर्षांच्या भागीदाराला "नुसतेच या हो" म्हणणं नवऱ्याला जमेना, आणि नुसतंच येणं त्यांना जमेना. दोघंही सारखेच मानी. काहीतरी निमित्त हवं होतं.

ते अबू धाबीच्या शिकारीच्या प्रदर्शनात मिळालं. नवरा त्यांना "कंपनी द्या" म्हणून तिकडे घेऊन गेला आणि शेपटासारखी मीही गेले. तिथे ससाणे होते, उंटांची खोगिरं होती, तंबू होते, आणि एका कोपऱ्यात ती रायफल होती. जुन्या घडणीची, काळ्या दारूच्या काडतुसांची. काळी दारू म्हणजे फटाक्यात असते तीच भुकटी. लांबलचक जाड नळी, अक्रोडाचा दस्ता, आणि एका वेळी एकच गोळी. खालची कडी ओढली की मागचं दार उघडतं, अंगठ्याएवढं पितळी काडतूस आत सारायचं, दार लावायचं, घोडा ओढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. अरबाबांनी ती हातात घेतली आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. "मेरे दादा के पास ऐसा था," म्हणाले.

नवरा लगेच म्हणाला, "हमारे खानदान में भी था."

मी छताकडे बघितलं. किंमत दिरहममध्ये ऐकून मी उभी होते, नवऱ्यानं कानात रुपये सांगितल्यावर खाली बसले. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते मोल दुसरा देत असला की पटतं, आणि इथे ते अरबाब देत होते. परवाना अरबाबांच्या नावावर, रायफल त्यांच्या घरच्या कुलुपी कपाटात, दारू मात्र नेमबाजीच्या क्लबमध्येच ठेवायची आणि काडतुसं तिथल्या प्रशिक्षकासमोर भरायची, असं सगळं रीतसर ठरलं. शनिवारी सकाळी दोघांनी मिळून शिकायचं. परतीच्या वाटेवर नवरा गाडीत शीळ घालत होता.

पहिल्याच शनिवारी अरबाब कारखान्यात आले, पोत्यावर बसले, चकली घेतली. गोळ्यांचा डबा आणि वंगणाची वडी टेबलावर ठेवली. झालं असं की काळी दारू जळली की नळीत काजळीची खरपुडी धरते. ती मऊ राहावी म्हणून शिशाच्या गोळीला बाहेरून जे चर असतात त्यात वंगण भरावं लागतं. आमचा ऑफिस मॅनेजर वसईचा कॅथलिक आहे आणि जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची त्याला खोड आहे. त्यानं वडीवरचं कागदी वेष्टन वाचलं. "मधमाशीचं मेण," तो म्हणाला, "आणि बीफ टॅलो. म्हणजे गाईची चरबी, वहिनी."

नवऱ्यानं हात असा मागे घेतला जणू वडीनं चावा घेतला. लगेच दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, काही हरकत नाही सर, दुसरंही आहे, त्यात लार्ड असतं. लार्ड म्हणजे डुकराची. फोन स्पीकरवर होता. अरबाबांनी हातातली चकली खाली ठेवली.

आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं ते पान मला जसंच्या तसं आठवलं: सत्तावन सालचा उठाव, काडतुसं, गाय आणि डुक्कर. परीक्षेत कारणे द्या म्हणून हमखास यायचं आणि मी पाठ करून लिहायचे. पण तेच कारण एक दिवस माझ्या फरसाणाच्या कारखान्यात हजर होईल असं कधी वाटलं नव्हतं. नवऱ्यानं अरबाबांना आपल्या हिंदीत ती सगळी हकिगत सांगितली. "इसी बात पे पूरा हिंदुस्तान में लफडा हो गया था," तो म्हणाला.

अरबाबांनी गंभीरपणे मान हलवली. "सही हुआ," म्हणाले.

"मला दोन्ही चालतं," मॅनेजर म्हणाला. "आणा इकडे, मी लावतो."

"तू लावशील, पण हात कोण लावणार?" नवरा म्हणाला. ते खरं होतं. गाईची लावली तर हा शिवणार नाही, डुकराची लावली तर ते, आणि मग सगळ्या रायफलीचा धनी एकटा वसईकर. अरबाब उठले. "छोडो. रायफल वापस कर देंगे," म्हणाले. नवऱ्याचा चेहरा पडला. रायफल गेली की शनिवार गेला, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

मी म्हणाले, "तूप चालेल का?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, स्निग्धच पाहिजे ना? घरचं लोणी कढवून केलेलं तूप आहे. गाईचंच, पण गाय जिवंत असताना काढलेलं. अरबाबांनी दोन क्षण विचार केला. "घी हलाल है," म्हणाले आणि पुन्हा पोत्यावर बसले. मेण ते आणणार होते, त्यांच्या ओळखीचा मधवाला होता. त्यांचं मेण, आमचं तूप, अशी नवी भागीदारी ठरली आणि तिला वकील लागला नाही.

पहिला घाणा फसला. मी तुपाला सढळ हात लावला, कारण माहेरची शिकवणच तशी. गोळ्या डब्यात घालून गाडीत ठेवल्या आणि क्लबला पोचेपर्यंत इथल्या उन्हात सगळं वितळून गोळ्या तुपात पोहत होत्या. नवऱ्यानं डबा उघडून प्रशिक्षकाला दाखवला. तो शांत स्वभावाचा फिलिपिनो. त्यानं आत बघितलं, झाकण लावलं आणि विचारलं, "सर, इज धिस लंच?"

दुसऱ्यांदा मी मनावर घेतलं. शिशाच्या गोळ्यांना माझ्या ओट्यावर पाऊल ठेवायची बंदी होती, म्हणून वंगण आत करायचं आणि गोळ्या बाहेर बाल्कनीत, असा सोवळ्याचा कारभार. मेण जास्त, तूप कमी. जुन्या पातेल्यात दोन्ही वितळवलं, नवऱ्यानं टाकाऊ ताटात गोळ्या ओळीनं उभ्या केल्या, मी वरून ओतलं, थिजू दिलं, की नारळाच्या वडीसारखी एकेक अलगद बाहेर. मुलगी दारात येऊन उभी राहिली. "आई, आर यू कुकिंग बुलेट्स?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार. ती म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टु नो," आणि गेली.

घोळ माझ्या हातानं केला. तूप वितळून वास सुटला की माझा हात आपोआप वेलचीच्या डबीकडे जातो, त्यात डोक्याचा काही संबंध नसतो. पाव चमचा पूड पातेल्यात पडली तेव्हा मी फोनवर बहिणीशी बोलत होते. ढवळून झाल्यावर लक्षात आलं. मग म्हटलं, जाऊ दे, रायफलीला काय कळतंय.

त्या शनिवारी मॅनेजरला घेऊन मीही गेले, माझ्या वड्या काय दिवे लावतात ते बघायला. क्लब वाळवंटाच्या कडेला. कानावर हेडफोनसारखी मोठाली कानझाकणं चढवून आम्ही मागे बसलो. प्रशिक्षकानं समोर बसून काडतुसं भरून घेतली. घराण्याचा मान म्हणून पहिला बार नवऱ्याचा. त्यानं नेम धरायला इतका वेळ घेतला की मॅनेजरनं जांभई दिली. मग धडाम. पांढऱ्या धुराचा असा लोट उठला की नवरा, रायफल आणि लक्ष्य तिन्ही दिसेनाशी झाली. धुरातून फक्त आवाज आला, "लागली का?"

कोणालाच माहीत नव्हतं. धूर विरेपर्यंत थांबावं लागलं. प्रशिक्षकानं दुर्बिणीतून बघितलं. "यस सर," तो म्हणाला, "बट नेक्स्ट लेन." शेजारच्या लोखंडी पत्र्यावर लागली होती. शेजारी कोणी नेम धरत नव्हतं हे नशीब.

अरबाबांचा बार झाला. त्यांची कुठेच लागली नाही. पण धूर हळूहळू आमच्याकडे सरकला आणि नवरा एकदम उठून उभा राहिला. डोळे मिटून, छाती भरून त्यानं श्वास घेतला. मीही घेतला. फटाक्याची दारू, तूप आणि वेलची. इथे फटाके उडवायला बंदी आहे, दिवाळी आम्ही इतकी वर्षं विजेच्या माळांवर काढतो. आणि आता भर वाळवंटात, भलत्याच महिन्यात, नरकचतुर्दशीची पहाट नाकात शिरली होती. मला रडूच आलं. मी कानझाकणं नीट करण्याचं सोंग केलं.

अरबाबही नाक वर करून हुंगत होते. "सिस्टर," ते म्हणाले, "इसमें हेल डाला?" हेल म्हणजे वेलची. त्यांच्या गहव्यात, म्हणजे कॉफीत, ती मूठमूठ पडते. मी कबूल केलं. "हमारा मजलिस का खुशबू है," ते म्हणाले, म्हणजे त्यांच्या पाहुण्यांच्या बैठकीचा. "घर में अभी कोई गहवा नहीं बनाता." मग त्यांनी प्रशिक्षकाला आणखी एक काडतूस भरायला सांगितलं.

तेव्हापासून वंगणात वेलची ठरलेली आहे. शिवाय नेमबाजी झाल्यावर नळी गरम साबणाच्या पाण्यानं धुवावी लागते आणि गंजू नये म्हणून आतून चिंधीनं तूप लावावं लागतं, असं नवऱ्यानं येऊन सांगितलं. लग्न झाल्यापासून ज्यानं स्वतःचा कप विसळला नाही तो माणूस दर शनिवारी गुडघ्यावर बसून रायफल घासायला लागला. मी पुसायला म्हणून अर्धा किलो साजूक तुपाची बरणी अरबाबांकडे पाठवली. पुढच्या शनिवारी ती रिकामी परत आली. "राइफल का घी खतम," असा निरोप. मी पुन्हा भरली. पुन्हा रिकामी.

मला तूप कढवून कढवून वीट आला. रायफल आहे की खादाड जावई, असं मी नवऱ्याला बोलले. तो म्हणाला, लांब नळी आहे, लागतं. शेवटी एका शनिवारी बरणी घेऊन मी स्वतःच खाडीजवळच्या त्यांच्या घरी गेले, म्हटलं बघू तरी कुठे जातं ते. दार उघडंच होतं. कपाटाला कुलूप होतं. कपाटाशेजारी सफाईचं सामान मांडलेलं आणि त्यात क्लबनं दिलेल्या रायफलीच्या तेलाची बाटली, निम्मी वापरलेली. अरबाब खाली बसले होते. समोर खुब्जच्या गरम पातळ रोट्या, खजूर, आणि माझ्या बरणीतलं शेवटचं तूप ते रोटीच्या कडेनं निपटून घेत होते. शेजारी माझा नवरा बसला होता. त्याच्याही हातात रोटी होती.

नवऱ्यानं घास गिळला. अरबाबांच्या मिशीला तूप लागलं होतं. "सिस्टर," ते म्हणाले, "राइफल को इतना नहीं लगता."

"मग सरळ तूप पाहिजे म्हणून सांगायचं ना," मी नवऱ्यावर ओरडले, मराठीत.

नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, नुसतं तूप मागायला त्यांना बरं नाही वाटत."

मी नवी बरणी खाली ठेवली आणि बसले. अरबाबांनी अर्धी रोटी मोडून माझ्यापुढे केली. ती मी खाल्ली, आणि खरं सांगते, माझं तूप इतकं चांगलं होतं हे मला माहीत नव्हतं.

आता मी किलोची बरणी पाठवते. झाकणावर दरवेळी चिठ्ठी चिकटवते, ठळक अक्षरात: रायफलीसाठी.