काढून टाकलेली पायरी

गॅरेजच्या भंगारात आमच्या गाडीची लोखंडी पायरी पडली होती. तिच्यावरचं रबर एकाच बाजूला झिजलेलं. लकव्यानंतर माझे वडील, अप्पा, तिथेच पाय टेकवून गाडीत चढायचे. लडाखला जायचं म्हणून मी गाडी उंच करून घेत होतो. मोठे टायर, टपावर तंबू. सकाळी मेकॅनिक म्हणाला होता, "ही पायरी दगडांना अडकणार, काढावीच लागेल." अप्पा शेजारीच खुर्चीवर बसले होते. त्यांच्याकडे न बघता मी होकारार्थी मान हलवली होती.

गाडी नदीतून कशी जाईल, खडकावर कशी चढेल, याचा विचार मी वर्षभर केला होता. कुठल्या कुठल्या वाटांसाठी माणूस झुरतो! अप्पांना दर सोमवारी व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं असतं, ती वाट मला कधी वाट वाटलीच नाही.

संध्याकाळी गाडी तयार झाली. मी दार उघडलं. सीट अप्पांच्या कमरेच्याही वर गेली होती. त्यांनी पाय उचलून पाहिला, पुन्हा खाली ठेवला.

"झकास झालीय रे," ते म्हणाले. "मी रिक्षानं येतो."

रिक्षावाल्यानं खाली उतरून त्यांना हात दिला. मी वर स्टिअरिंग धरून बघत बसलो.