नव्या भाताचं पान

आम्ही नवराबायकोनं बाप्तिस्मा घेऊन वर्ष उलटलं तरी मला माहेरी पाऊल टाकायचं धाडस होत नव्हतं. अशात आईचा निरोप आला, नवा तांदूळ कांडून झालाय, येऊन जा. आमच्या पवन मावळात नव्याचा पहिला भात देवाला दाखवल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. म्हणजे माझ्या पानात नैवेद्यच पडणार! खाल्ला तर प्रभूशी खोटं वागल्यासारखं, नाही खाल्ला तर माहेर तुटलं. लोणावळ्याच्या आमच्या पाळकांना विचारलं. त्यांनी करिंथ गावच्या ख्रिस्ती मंडळीला प्रेषितानं पत्रातून काय कळवलं होतं ते समजावलं: मूर्तीत काही नाही, पण आपल्या खाण्यानं दुसऱ्याचं मन दुखत असेल तर त्याला जपावं. मला मेलीला त्यातून खावं की न खावं एवढंही कळेना. कामशेतला गाडीतून उतरले आणि वाटभर म्हणत राहिले, प्रभू, माझी मती खुंटली, आता तूच बघ.

घरी दादानं माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि मान वळवली. आईनं मात्र लगेच पाट मांडून पान वाढलं. आंबेमोहराचा वास घरभर सुटलेला, पण माझा हात काही पुढे होईना.

"जेव की गं," आई म्हणाली. "देवाला दावला न्हाई अजून. तुजा वाटा आदीच काडलाय."

लहानपणी चुलीपाशी एक शीत तोंडात टाकलं म्हणून हिनंच मला धपाटा घातला होता!

"अगं, आणि देव?"

"त्याला म्हनलं, औंदा लेक आदी, तू मागनं. तुज्या जिवाला टोचाय नगं. त्यो काय माज्यावर रुसायचा न्हाई."

मला रडूच कोसळलं. पाळकांनी सांगितलेलं मी निव्वळ माझ्या पानापुरतं चाचपत बसले होते, आणि इथे आईनं माझ्या मनासाठी आपला जन्माचा नेम बाजूला ठेवला होता. मी पान जरा सरकवलं. म्हटलं, "आई, माझा वाटा निघालाय ना? मग तू आधी तुझ्या देवाला दाखव. मी थांबते. आपण बरोबरच जेवू." तिचा चेहरा असा काही खुलला, की काय सांगू! ती लगबगीनं देव्हाऱ्याकडे गेली. मग आम्ही मायलेकी समोरासमोर बसून पोटभर जेवलो. दादानं स्वतःहून मला दुसऱ्यांदा भात वाढला. छातीवरची धोंड उतरली होती. प्रभूचे आभार मी भरल्या तोंडानंच मानले. माझ्या हाती काही नाही असं कबूल करून मी वाट चालत होते, तेव्हाच त्यानं आईच्या हातून माझा वाटा काढून ठेवला होता.

निघताना आईनं ओटी भरली. सवयीनं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी आलं, तिथंच थांबलं, आणि तिनं ते स्वतःच्या कपाळाला लावलं.

"फुडल्या साली येताना जावयास्नीबी आन," ती म्हणाली. "त्यांचाबी वाटा काडून ठिवते."