मावशींची साक्ष आणि ऐकीव पुरावा

वकिलीची सनद नवी होती आणि डोक्यात वारं शिरलं होतं. बदलापूरहून रोज कल्याणच्या दिवाणी कोर्टात जायचो. तिथं मोरिवलीच्या एका विधवा मावशींचा दावा माझ्याकडे आला. विहिरीकडे जाणारी त्यांची वाट शेजाऱ्यानं काटेरी कुंपण घालून बंद केली होती. तो म्हणे, वाट मेहेरबानीची होती. मावशी म्हणत, हक्काची. दावा हरलो असतो तर पाण्यासाठी त्यांना रोज ओढ्याला वळसा घालावा लागला असता, आणि गुडघे तर आधीच गेलेले. कुंपण घालताना शेजारी त्यांच्याशी काहीतरी बोलून गेला होता. माझी सगळी मदार त्या बोलण्यावर.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी दीडशहाण्यानं त्यांना कायदा समजावला. "डोळ्यांनी पाहिलं तो प्रत्यक्ष पुरावा. दुसऱ्यानं सांगितलं ते ऐकीव. ऐकीव कोर्टात चालत नाही." मावशींनी मान डोलावली. वकिलाचा शब्द म्हणजे त्यांना देवाचा कौल.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात त्यांना वय विचारलं.

"त्ये मी कुठं बघितलं? आयनं सांगितलेलं."

न्यायाधीश हसले. मग मी मुद्द्याचं विचारलं, "कुंपण घालताना शेजारी काय म्हणाला?"

"त्ये ऐकीव हाय. नाय सांगनार."

डोंबल माझं! समोरच्या पक्षकाराच्या स्वतःच्या तोंडची कबुली त्याच्याविरुद्ध चालते, एवढं सांगायचं मीच विसरलो होतो. पुन्हा विचारलं, तर भर कोर्टात मलाच म्हणतात, "काल तुमीच सांगितलंत ना?" मी खाली बसलो. वाट गेली, असंच वाटलं.

समोरचे वकील खुशीत उठले. "तो काही म्हणालाच नाही, म्हणून तुम्हाला सांगता येत नाही. म्हणाला असेल तर सांगा की."

मावशींनी न्यायाधीशांकडे पाहिलं. ते म्हणाले, "सांगा, बाई."

"मंग ऐका. म्हनला, वयनी, वाट तुमच्या सासऱ्यापासून हक्काची, पन कारखान्याला जमीन विकायची तर मधी वाट ठेवून कोन घेल?"

समोरचे वकील कागद चाळू लागले. शेजाऱ्यानंही पुढं आपल्या साक्षीत ते नाकारलं नाही. निकाल आमच्या बाजूनं लागला, कुंपण निघालं. मला इतकं हायसं वाटलं की कोर्टाच्या पायरीवरच मी मावशींच्या पाया पडलो.

त्या पाय मागं घेत म्हणाल्या, "माझ्यापाशी येवढी येकच गोष्ट व्हती, वकीलसायेब, आनि तुमी तीच गिळायला लावलीत."