जेसल पार्कातले तीन किलोमीटर

"अहो, घर इथे आहे. पुढे कुठे निघालात?" तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून वहिनी ओरडल्या, आणि जेसल पार्क वसाहतीतले सगळे कावळे उडून थेट खाडीपलीकडे वसईला जाऊन बसले.

"वहिनी, जरा पाय मोकळे करतोय," मी खालूनच म्हटलं. तीन दिवस सायकल हाणून आलेल्यांनी पाय मोकळे करायला पुन्हा सायकलच चालवायची, हे जरा विचित्र होतं खरं. पण तोवर आम्ही कोपऱ्यावरून वळलो होतो.

आम्ही म्हणजे तिघं: मी, माझा जुना मित्र (या वहिनींचा नवरा) आणि डोंगरी गावचा एक दोस्त. पहिल्या दिवशी बोटीतून खाडी ओलांडून अर्नाळा, दुसऱ्या दिवशी केळवे, तिसऱ्या दिवशी हायवेने सरळ घर, अशी आमची टूर. मित्राची सायकल त्याच्या लग्नाआधीची. लोखंडी, बिनगिअरची, वजनाला गाभण म्हशीएवढी. ढेकाळ्याच्या चढावर ती अशी कण्हली, की शेजारच्या ट्रेलरवाल्याने आपलंच काहीतरी तुटलं समजून गाडी बाजूला घेतली. मी स्वतः बघितलंय.

मित्राला गिअरची नवी सायकल हवी होती. दोन वर्षं तो घरात विषय काढत होता आणि वहिनी तो घडी घालून परत कपाटात ठेवत होत्या. शेवटी या टूरला निघताना त्या म्हणाल्या, "एका दिवसात शंभर किलोमीटर करून दाखवा, मग नवीन सायकलचं बोलू."

पहिल्या दोन दिवसांत शंभर होण्यासारखे नव्हतेच, सगळी भिस्त तिसऱ्यावर. पण मित्राची एक खोड. चहाला थांबला की फोनवरची किलोमीटरची मोजणी बंद करायची, म्हणजे म्हणे सरासरी वेग पडत नाही. मनोरला आम्ही मिसळ खाल्ली. ती इतकी जहाल, की पुढचे तीन किलोमीटर आम्हाला स्वतःची नावं आठवत नव्हती. मोजणी परत चालू करायचं कुठून आठवणार? जेसल पार्कात शिरलो तेव्हा फोन म्हणत होता, सत्त्याण्णव.

"अरे, पण शंभर झालेत ना आपले," मी म्हटलं.

"फोनमध्ये नाही झालेत. ती फोन बघणार." त्याचा चेहरा दहावीला गणितात उडालेल्या पोरासारखा झाला होता.

म्हणून या फेऱ्या.

"मला अजून डोंगरीला जायाचं हाय," दोस्त मागून म्हणाला. "तुमच्या प्रदक्षिणा संपल्या की सांगा." असं म्हणत तोही फिरतच होता.

चौथ्या फेरीला वॉचमनने हात आडवा केला. "साब, कुछ गिर गया क्या?"

"हां, तीन किलोमीटर," मित्र गंभीरपणे म्हणाला. बिचारा वाकून गाड्यांखाली बघायला लागला.

पाचव्या फेरीला मित्राच्या पोटरीत गोळा आला. शेवटचे चारशे मीटर तो एका पायाने पेडल मारत, दुसरा पाय वाळत घातल्यासारखा बाहेर काढून चालवत राहिला. शंभर झाले तेव्हा अख्ख्या बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या. म्हणजे वाजवणारे आम्ही दोघंच, पण जोर अख्ख्या बिल्डिंगचा.

दोघांनी धरून त्याला लिफ्टने वर नेलं. वहिनींनी चष्मा लावला, फोन लांब धरून आकडा दोनदा वाचला.

"सगळे त्याच सायकलवर?" त्यांनी विचारलं.

"त्याच," मित्र छाती काढून म्हणाला.

मला राहवलं नाही. मित्राची बाजू भक्कम करायला नको? "वहिनी, तीन दिवसांत एक पंक्चर नाही, एकदा चेन उतरली नाही. सायकल कसली, घोडी आहे घोडी."

मित्राने माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाही काही कळलं नाही.

वहिनींनी फोन त्याच्या हातात परत दिला.

"मग नवीन कशाला हवी?"