जमनानं कुणाचं ऐकलं?

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो आणि वाचून हसतो. राग मानू नका... पण ज्यानं उमेदीची सगळी वर्षं सिंह-वाघांच्या पिंजऱ्यात काढली, त्याला चिंचेवरच्या हडळीचं काय कौतुक असणार? मला भीती वाटायची ती फक्त दाढ दुखणाऱ्या सिंहाची! भूत कधी पाहिलं नाही, देवऋष्याला दारात उभं केलं नाही. तरी एक गोष्ट माझ्याजवळ आहे. घरातले म्हणतात, "आप्पा, लिहून टाका एकदाची." लिहितो. तिला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

मी मूळचा शहापूरचा. तिसाच्या सालानंतर कधीतरी आसनगाव स्टेशनाजवळच्या माळावर सर्कशीचा तंबू पडला. मी बघायला म्हणून गेलो तो तिथलाच झालो. आधी जनावरांचं मटण वाहायचं काम, मग पिंजरे धुवायचं, आणि मग वस्तादांनी मला हाताखाली घेतलं. वस्ताद म्हणजे आमचे रिंगमास्टर. मिरजेकडचा धिप्पाड, अबोल गडी. रिंगमध्ये त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. सगळं हातानं आणि नजरेनं.

त्यांचं एक काम होतं, ते दुसऱ्या कुणालाच जमत नसे. दोन बोटं जमिनीकडे करायची, बस्स. समोरचा सिंह पुढचे पाय लांब पसरायचा, हनुवटी भुईला टेकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. वस्ताद त्याला 'निजवणं' म्हणत. उडी मारणं, पंजा देणं काही विशेष नाही हो, पण चार माणसं समोर असताना सिंह आपणहून डोळे मिटत नाही. वस्ताद बोटं उचलेपर्यंत तो तसाच पडून राहायचा आणि प्रेक्षकांत कुणी हलायचं नाही.

एका पावसाळ्यात वस्ताद तापानं गेले. आमची सिंहीण जमना त्यानंतर जन्मली. तिच्या आईनं तिला जवळ घेतलं नाही, म्हणून मी बाटलीनं शेळीचं दूध पाजून वाढवली. पोटच्या पोरीसारखी, हे सांगायला मला लाज नाही. मोठी झाल्यावर स्टुलावर बसायची, पंजा द्यायची, जळत्या कड्यातून उडी मारायची. फक्त निजवायला गेलं की मान फिरवून घ्यायची. दोन बोटं करून करून माझे हात दुखले! शेवटी तो नाद सोडला.

आता त्या दिवसाचं सांगतो. दुसरी लढाई चालू होती. पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळे लॉऱ्या बंद. दिवाळीचा मुक्काम मुरबाडला ठरला होता आणि पिंजरे बैलगाड्यांवर घालून न्यायचे होते. आता सिंहाच्या वासाला बैल उभा राहतो होय? पण सर्कशीत त्याला तोड होती. बैलाच्या नाकपुड्यांना करंजाचं तेल चोपडायचं. दुसरा वास येतच नाही, बैल मुकाट चालतो. आसनगावला मी स्वतः सगळ्या बैलांची नाकं चोपडली.

जमनाची गाडी शेवटची होती, किन्हवलीकडच्या धर्मा नावाच्या गाडीवानाची. दुपारी त्याच्या घराशी भाकरी खायला थांबलो. बाकीच्या गाड्या पुढे गेल्या. आणि इथे घात झाला... त्या दिवशी वसुबारस होती. धर्माच्या बायकोनं गाईवासराची पूजा केली आणि दारात आलेले घरचे बैल तसे कसे जाऊ देईल? मी ओसरीवर जेवत होतो. मागच्या मागे तिनं बैलांची तोंडं स्वच्छ धुतली, कुंकू लावलं, ओवाळलं. तिचं काय चुकलं? सणाला बैलाच्या तोंडावर तेलाचा राडा कोण ठेवेल?

गाडी वस्तीबाहेर पडली, वारा फिरला आणि बैल उधळले. कासरा धर्माच्या हातातून सुटला, चाक बांधाखाली गेलं, पिंजरा आडवा झाला, कडी निखळली. मी चिखलातून उठेपर्यंत जमना भाताच्या खाचरातून पळत पलीकडच्या सागाच्या रानात शिरली होती.

गावचे पाटील बंदूक घेऊन लगेच आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचंही बरोबर होतं. "मास्तर, तुमचं जनावर तुमाला प्यारं. मला मानसं सांभालायची हायेत. दिसलं की गोली घालनार."

"पाटील, ती पाळीव आहे. मला एकदा समोर जाऊ द्या."

"पालीव? मंग पलाली कशाला?"

चिखलातल्या पावलांमागे आम्ही चालू लागलो. पाटील, धर्मा आणि मी. माझी काठी गाडीखाली मोडली होती. मी हाका मारत होतो. घसा कोरडा पडला, पण जमना काही येईना.

रानापलीकडे टेकाडावर ठाकरांची वाडी होती. समोर दूर सिद्धगड. वाडीखाली मोकळ्या जागेत वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड. वसुबारस तीच वाघबारस. गुरं राखणारे सगळे त्या दिवशी वाघोबापाशी जमतात, दुधाची खीर शिजवतात आणि 'आमच्या गुरांना हात लावू नको' म्हणून त्याला नैवेद्य दाखवतात. आम्ही पोचलो तेव्हा चुलीवर खीर होती आणि सगळी वाडी, लेकुरवाळ्या बाया, पोरं, दगडाच्या एका बाजूला अंग चोरून उभी होती. दुसऱ्या बाजूला कातळावर जमना.

इथपर्यंत मला सगळं समजतं. दुधावर वाढलेलं जनावर दुधाच्या वासाला आलं. त्यात नवल काही नाही.

एक म्हातारी कुजबुजली, "ठिपकं नाय, पट्टं नाय... ह्यो कुठला गो वाघ?"

"सिंहीण आहे, आये. हलू नका कुणी," मी म्हणालो आणि हाक मारली, "जमना!"

तिनं कान फिरवला, पण बघितलं नाही. शेपटीचं टोक झटके देत होतं, खांदे दबलेले. हे लक्षण मी चांगलं ओळखत होतो. घाबरलेलं जनावर या घडीला एकतर पळतं नाहीतर झेप घेतं, आणि पळायच्या वाटेवर पोरं उभी होती. पाटलांनी बंदूक खांद्याला लावली.

"आज वाघबारस हाय, पाटील," म्हातारी म्हणाली. "आज त्याला मारत नाय."

"मला नको सांगू गो. मास्तर, तुमी बोला. घालू का?"

एकीकडे बाटलीनं वाढवलेली जमना, दुसरीकडे ती कडेवरची पोरं. मी 'घाला' म्हणायला तोंड उघडलं. खोटं कशाला बोलू, उघडलं होतं...

आणि जमनाची शेपटी थांबली. तिनं मान वर केली. दगडाकडे पाठ करून ती वळली, आम्ही आता तिच्या डाव्या हाताला होतो. ती बघत होती समोरच्या मोकळ्या गवताकडे, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. तिथे काही नव्हतं हो. गवत आणि ऊन. पण तिची नजर हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकली. रिंगमध्ये आम्ही जनावरासमोरून चालतो, तेव्हा ते असंच बघतं. ती नीट बसली. उजवा पंजा उचलला, खाली ठेवला. मग पुढचे पाय लांब पसरले, हनुवटी कातळाला टेकली...

आणि डोळे मिटले.

माझे हात खालीच होते. पाटलांनी बंदूक कधी उतरवली, कळलं नाही. चुलीवरची खीर उतू गेली, तिकडे कुणी पाहिलं नाही. किती वेळ गेला तेही सांगता येणार नाही.

मग तिनं डोळे उघडले, उठली आणि कातळावरून उतरली. पोरांकडे ढुंकून बघितलं नाही. गाडीच्या दिशेनं चालू लागली, सावकाश, खेळ संपल्यावर पिंजऱ्याकडे जाते तशी. मी तिच्या बाजूला गेलो. एरवी ती चालताना माझ्या मांडीला अंग घासायची. त्या दिवशी आमच्या दोघांत एका माणसाची जागा मोकळी ठेवून ती चालली. मी जवळ सरकलो की ती तेवढीच लांब व्हायची. मागून पाटील येत होते, त्यांनीही ते पाहिलं. धर्मानं माणसं जमवून पिंजरा उभा केला होता. ती आपणहून आत गेली. मी कडी लावली आणि तिथेच चिखलात बसून पोरासारखा रडलो.

वाडीतले लोक म्हणाले, वाघोबानं राखली. पाटील म्हणाले, "मास्तर, तुमी भारी काम शिकवलाव." मी तर ते शिकवलंच नव्हतं. सर्कशीच्या मालकांच्या कानावर गेल्यावर त्यांना ते काम खेळात हवं झालं, जाहिरातीत घालायचं म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. जमना म्हातारी होऊन, माझ्या हातून दूध पीत मेली. तोवर एकदाही मी तिच्यासमोर दोन बोटं केली नाहीत.

तिनं जे काम केलं ते वस्तादांचं, यात मला शंका नाही. पण वस्तादांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. मग दुसरं काही? भीतीनं जनावर असं करतं का, हे मी सर्कशीतल्या जुन्या माणसांना विचारलं. त्यांच्यापैकी कुणीही असं पाहिलेलं नव्हतं. खुलासा तेव्हा नव्हता, आजही नाही. असो, तो नसला तरी माझं अडत नाही. जमना गेल्याचं दुःख मी करू शकतो, कारण ती आपल्या वेळेला गेली. नाहीतर त्या दुपारी 'घाला' हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. माझ्या आधी तिला कुणीतरी निजवलं.