सॅक्सोफोनवाल्याची जागा

संशय घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आयटीतल्या बाईला, त्यातून निम्मी नोकरी व्हिसावर काढलेल्या बाईला, ती सवय लागतेच. कॅलेंडरवर विषय न लिहिलेली मीटिंग दिसली की आम्ही आधी रेझ्युमे काढून बसतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या ग्रुपमधून मला नारळ मिळणार, हे मी इतर कोणी बोलायच्या आधीच ओळखलं.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, आमच्या मागच्या गल्लीत एक रिटायर्ड डेंटिस्ट राहतो. तो गातो आणि गिटार वाजवतो. त्याचा मेव्हणा दुसरी गिटार वाजवतो, त्याचा शेजारी ड्रम वाजवतो आणि मी सॅक्सोफोन. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये जे बीट ग्रुप निघाले, दोन-तीन गिटारी, ड्रम आणि पायांना स्वस्थ बसू न देणारी छोटी छोटी गाणी, त्यांचंच आम्ही वाजवतो. दर शनिवारी सकाळी, डेंटिस्टच्या गॅरेजमध्ये, हीटर लावून.

सॅक्सोफोन मुळात मुलीचा. शाळेच्या बँडसाठी घेतलेला. ती कॉलेजला गेली आणि तो बेसमेंटमध्ये पडून राहिला. चांगली वस्तू नुसती पडून राहिलेली मला बघवत नाही, म्हणून मी व्हिडिओ बघून शिकले. एक दिवस डेंटिस्ट कुत्र्याला फिरवताना आमच्या खिडकीखाली थांबला आणि बेल वाजवून म्हणाला, "आमच्याकडे ये." मला त्याचाही संशय आला होता. मला वाटलं, आवाजाची तक्रार करायला आलाय.

गॅरेजच्या भिंतीवर त्याने जुन्या ग्रुपचे फोटो लावलेत. ते नीट बघितले तर एक गोष्ट दिसते. एखाद्या ग्रुपच्या पहिल्या फोटोत पाचजण असतात आणि कडेला एक सॅक्सोफोन घेऊन उभा असतो. पुढच्या फोटोत चौघंच. "पाचवा कुठे गेला?" मी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं.

डेंटिस्टने हसत हसत सांगितलं, की गिटारींचा आवाज वाढत गेला, लोकांनाही गिटारीच हव्याशा वाटायला लागल्या. मग काही ठिकाणी सॅक्सोफोनवाल्याच्या हातात खंजिरी दिली, कडेला उभं केलं आणि काही दिवसांनी येऊ नको म्हणून सांगितलं. सगळ्यांनीच असं केलं नाही, पण पुष्कळांनी केलं. पुढे रॉकवाल्यांना सॅक्सोफोनची परत आठवण झाली, ती बहुतेक पाहुणा म्हणून. गाण्याच्या मधे एकदा यायचं, जीव तोडून वाजवायचं, टाळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं.

मी हसले नाही. कडेला, बर्फ ओढायच्या फावड्यांपाशी माझी जागा होती. तिथे उभी राहून मी त्या फोटोंवर लक्ष ठेवायची.

जानेवारीत डेंटिस्टने मला इतरांच्या आधी बोलवायला सुरुवात केली. "आज गाण्याच्या मधले तुझे तुकडे नको," तो म्हणाला. "मी गातो ती चाल वाजव. अख्खी. एकटीने." मी वाजवली. त्याने फोनवर रेकॉर्ड केली. मग विचारलं, "इथे श्वास कुठे घेतलास? ही ओळ एका दमात होते का?" पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तो स्वतः गातच नव्हता, नुसता पाणी पीत माझ्याकडे बघत बसायचा.

घरी पोहे खाताना नवऱ्याला सांगितलं. नवरा नागपूरचा, तोही आयटीतलाच. चमचा खाली ठेवून म्हणाला, "अगं, तुझी केटी चालू आहे!"

आमच्या धंद्यात केटी म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवून ठेवणं. ती द्यायला सांगितली की समजायचं, आपली खुर्ची हलली. माझ्या टीममधल्या एकाने चहाच्या कपावर कप पाजत नव्या माणसाला सगळं शिकवलं होतं आणि महिनाअखेरीस तोच बॅज परत करून गेला होता.

"सगळं देऊ नको यार," नवरा म्हणाला. "एखादी गोष्ट डोक्यात ठेव."

मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, यू आर बीइंग पॅरानॉइड. इट्स अ गॅरेज बँड." पण तिला कधी कोणी केटी मागितलेली नाही.

त्यानंतर तर सगळंच जुळायला लागलं. मी आत गेले की ड्रमवाला आणि मेव्हणा बोलता बोलता थांबायचे. कोपऱ्यात चादरीखाली काहीतरी लांबट आलं होतं. डेंटिस्ट कॉफी आणायला आत गेला तेव्हा मी चादर उचलली. नवा कीबोर्ड. त्यावर सॅक्सोफोनच्या आवाजाचं बटणही होतं. मी ते दाबून एक सूर वाजवला. आवाज हुबेहूब होता, फक्त बोट उचलेपर्यंत तो थांबतच नव्हता.

मी घरी येऊन रडले. रिकाम्या बेसमेंटमध्ये माझ्यासाठी एवढंच काय ते उरलं होतं, आणि तेही एका बटणाने न्यावं?

पुढच्या शनिवारी मी सॅक्सोफोनची पेटी उघडलीच नाही. सगळे आल्यावर म्हटलं, "मला काढायचं असेल तर आज तोंडावर सांगा. केटी घेऊन मग सांगू नका."

केटी म्हणजे काय तेही मलाच समजावून सांगावं लागलं. डेंटिस्टला हसू आलं आणि हसता हसता खोकला आला. तो बराच वेळ थांबेना. ड्रमवाला खाली बघत होता.

"जाणारा मी आहे," डेंटिस्ट म्हणाला. घशात कॅन्सर निघाला होता. स्वरयंत्रच काढणार होते. त्यानंतर श्वास तोंडाने नाही, गळ्याला केलेल्या भोकातून. गाणं संपलं. बाकी दोघांना माहीत होतं, मला तो स्वतः सांगणार होता आणि दर शनिवारी त्याचा धीर होत नव्हता. त्याच्या ओळी दुसऱ्या कशावर तरी वाजाव्यात म्हणून कीबोर्ड आणला, सगळी बटणं दाबून बघितली. "त्याला दम लागत नाही," तो म्हणाला. "गाणाऱ्याला लागतो. तुला लागतो."

खरं सांगते, ते ऐकून आधी क्षणभर मला हायसं वाटलं. मला काढत नव्हते. त्या क्षणाचा मला अजून राग येतो.

ऑपरेशनपर्यंतचे शनिवार त्याने मला शिकवलं. कुठला शब्द तो अर्धा गिळतो, कुठल्या ओळीवर मुद्दाम किंचित उशिरा येतो, कुठे घाईने श्वास घेतो. केटी चालूच होती. फक्त मी ती देत नव्हते, घेत होते.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर तो गॅरेजमध्ये परत आला. वाळला होता. गळ्याला पातळ रुमाल बांधला होता. मला वाटलं, खुर्चीवर बसून ऐकेल. पण त्याने गिटारीला हात लावला नाही. खिळ्याला लटकलेली खंजिरी काढली आणि फावड्यांपाशी, माझ्या जागेवर जाऊन उभा राहिला. आता हे काय नवीन, म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने बोटाने मधल्या माइककडे दाखवलं.

मला ती जागा नको होती. मला माझी कडेची जागा हवी होती, जिच्यासाठी मी भांडायला निघाले होते, आणि तिथे तो उभा होता.

शेवटी मी मधे गेले. ड्रमवाल्याने ठेका धरला. पहिली ओळ निघाली आणि तो जिथे घाईने श्वास घ्यायचा तिथे मी श्वास घेतला. घेताना कडेला बघितलं. त्याच्या गळ्यावरचा रुमाल त्याच क्षणी आत ओढला गेला.