ढेरपोट्याचं पोस्टर आणि आक्कांची गाय

आमचे हे सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. भूमला बाजारतळाच्या कडेला टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा, त्याच्या मालकाचं सगळं रंगकाम ह्यांच्याकडं. बहात्तरच्या दुष्काळात तंबूतलं आवाजाचं मशीन बिघडलं, ते काही केल्या दुरुस्त होईना. मग मालकानं कुठून तरी जुन्या, मुक्या, हसवणाऱ्या सिनेमांची रिळं आणली. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं घटकाभर हसतील, म्हणाला.

रिळांबरोबर एक जुनं छापील पोस्टर आलं होतं, घड्यांवर फाटलेलं. एक ढेरपोट्या माणूस शिडीवरून घसरतोय, चुन्याची बादली त्याच्या डोक्यावर उलटतेय, आणि तोंडाचा हा एवढा मोठा आ. ह्यांनी ते जमिनीवर पसरलं आणि दोन दिवस नुसतं बघत बसले. मी म्हटलं, "अहो, बघून पोट भरणार हाय का?" तर म्हणाले, "ह्यात एक अक्षर न्हाय बघ. तरी सगळं कळतंय." आमच्याकडं वाचता येणारी माणसं तरी किती होती! मग रद्दीचे कागद जोडून ह्यांनी तसाच ढेरपोट्या काढला. गेरू, काजळी आणि कपड्याची नीळ, एवढेच रंग. बादलीतल्या चुन्याला खराच चुना. घसरताना त्याच्या पायातला एक जोडा हवेत उडालेला असायचा, तो मात्र मूळ चित्रात नव्हता, तो ह्यांचा. नवरा म्हणून सांगत नाही, पण तसला हात मी पुन्हा बघितला नाही.

पोस्टर चिकटवायची खळ शिजवायचं काम माझं. मालक किडका मैदा पाठवायचा, तो मी चाळून घ्यायची.

शेजारी एक आक्का राहायच्या. एकट्याच, पोरं कामाला लांब गेलेली. दारात एक तांबडी गाय, गाभण. गुरांच्या छावणीत न्यायला तयार नव्हत्या. "माज्याबिगर ती तोंड लावायची न्हाय," म्हणायच्या. दर बाजारादिवशी खेळ बदलला की जुनी पोस्टरं भिंतीवरून सोलून न्यायच्या, भिजवून गाईपुढं ठेवायच्या. निळीनं पाणी निळं व्हायचं, पण खळीच्या वासानं गाय सगळं चाटूनपुसून खायची. मीच म्हटलं होतं, "न्या की आक्का, आमाला काय करायचीत ती?"

एक दिवस टँकरच्या रांगेत आक्का सगळ्यांदेखत बोलल्या, "माणसाला भाकर न्हाय, अन् ह्यांच्या भिंती पीठ खात्यात." बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिची गाय आमच्या पिठावर जगते तिनं असं बोलावं? रिकामी घागर उचलली आणि तरातरा घरी आले. त्या दिवसापासून मी आक्कांशी अबोला धरला.

त्याच आठवड्यात मोकाट जनावरं ताजी पोस्टरंच ओढून खायला लागली. बाजारापर्यंत पोस्टर टिकलं नाही तर दुसरा पेंटर बघतो, असं मालकानं ह्यांना बजावलं. हे मोरचूद घेऊन आले. खळीत मोरचूद घालायची पेंटर लोकांची जुनीच रीत. त्यानं खळीला कीड लागत नाही आणि जनावर तोंड लावून मागं सरतं. पोट भरलेलं असलं तर सरतं. मी ते निळे खडे कुटून टाकले, मूठभर, मापापेक्षा जास्तच. हे म्हणाले, "आक्काला सांगून ये. इख हाय म्हणावं."

"सांगते," म्हटलं. पण माझा ताठा! बाजाराला अजून चार दिवस होते, तोवर पोस्टरं भिंतीवरच राहणार. तेवढ्यात आक्का आपणहून बोलतील, मग सांगू, असं मी मनाशी धरलं. त्या चार दिवसांत आक्का तीनदा दारात दिसल्या. तिन्ही वेळा मी तोंड फिरवलं.

बाजारच्या दिवशी मी रॉकेलच्या रांगेत अडकले. परत येताना बघते तर भिंत कोरी. रॉकेलचा डबा रस्त्यात टाकून मी पळत सुटले. आक्कांच्या दारात गाय आडवी पडली होती, तोंडाला फेस, आणि आक्का तिच्या गळ्याखाली हात घालून तिला उठवत होत्या. शेजारी घमेल्यात निळं पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी गाय गेली, पोटातल्या वासरासकट.  ह्यांनी मला मारलं तर बरं, असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी आक्का आमच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. अबोला त्यांनीच मोडला. म्हणाल्या, "दुष्काळानं नेली गं माझी गाय. पण उपाशी न्हाय गेली. दोन घास हातानं भरवले तवा खाल्लं तिनं. तुज्या घरच्या पिठानं पोट भरून गेली. म्या रांगेत तसं बोलाया नको व्हतं, पोरी."

मी त्यांचे पाय धरले. ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, भांडणाचं रडते. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. लाज वाटते मला माझी, आज ह्या वयातही वाटते. सांगायचंच म्हणून मी मान वर केली, तोंड उघडलं.

"बसा आक्का," मी म्हणाले, "च्या टाकते."